साठ अधिक तीस, भागिले दोन

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू लिहून कळव म्हणतेस आणि ठेवून देतेस. फोनवर माणूस नुसता बोलतो, विचार करत नाही, हे तुझं मत आमच्या घरात भिंतीलाही पाठ झालं आहे. म्हणून लिहिते. बाबांचा गुडघा बरा आहे. आई म्हणते, गुडघ्यापेक्षा त्याचं वर्णनच जास्त दुखतं. मी मात्र बरी नाही.

मला चौकशीची नोटीस आली आहे. मी चालवते ती विनाथांबा बस एकशेवीस किलोमीटर जाते. पहिले साठ सपाटीचे, पुढचे साठ डोंगराच्या चढाचे. सपाटीवर ताशी साठच्या वर जाता येत नाही, इंजिनालाच तसा लगाम बसवला आहे. चढावर ताशी तीस, पायथ्याला कंपनीनेच तशी पाटी लावली आहे. वेळापत्रकात मात्र वेळ दिली आहे दोन तास चाळीस मिनिटं. मी दोन्ही मर्यादा पाळते आणि बरोबर तीन तासांनी पोहोचते. हा मार्ग मला मिळाल्यापासून सव्वीस फेऱ्या झाल्या, सव्वीस वेळा वीस मिनिटं उशीर.

वेळापत्रक करणारे साहेब म्हणतात की साठ अधिक तीस नव्वद, भागिले दोन पंचेचाळीस. एकशेवीस किलोमीटरला पंचेचाळीसने भागलं की दोन तास चाळीस मिनिटं येतात. मग वरची वीस मिनिटं मी कुठे घालवते, ते सांगावं. या मार्गावर आणखी नऊ ड्रायव्हर आहेत आणि ते वेळेवर पोहोचतात. आता मलाच शंका येते की मी मध्येच कुठे डुलकी काढते की काय.

चौदा तारखेला समितीपुढे जायचं आहे. दोष माझ्यावर आला तर नऊ वर्षांचं स्टीअरिंग जाणार आणि गाड्या धुण्याच्या शेडमध्ये बदली होणार. तू गणित एका पानात लिहून दे. टोमणे नकोत, आणि फक्त माझ्या गाडीबद्दल लिही.

तुझा लोभ तरी वेळेवर पोहोचो.
तुझी भाची,
भिंगरी


ता. ७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. त्यांतला एक जपून ठेव, चौदा तारखेला लागेल.

तुझे पत्र तीनदा वाचले. एकदा तुझ्यासाठी, एकदा गणितासाठी आणि एकदा निव्वळ करमणुकीसाठी. दोन वेग घ्यावेत, त्यांची बेरीज करावी, दोनाने भागावे आणि जे येईल त्याला सरासरी म्हणावे, ही पद्धत मी चौतीस वर्षे वर्गात पाहिली. ती वापरणाऱ्या मुली तेरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या हाती कोणी दहा बसगाड्या दिल्या नव्हत्या.

सरासरी वेग म्हणजे वेगांची सरासरी नव्हे. एकूण अंतराला एकूण वेळेने भागले की तो मिळतो. दुसरी व्याख्या नाही. सपाटीला तुला एक तास लागतो आणि चढाला दोन. म्हणजे तीन तासांपैकी दोन तास तुझी संगत तीसशी असते. पवळ्या ज्या गोठ्यात जास्त वेळ बांधला, त्याच गोठ्याचा गुण त्याला लागणार. एकशेवीस भागिले तीन, उत्तर चाळीस. पंचेचाळीस हा आकडा त्या रस्त्यावर कुठेही राहत नाही.

भागिले-दोन साहेबांना पटावे म्हणून मी त्यांचीच पद्धत त्यांच्या पुढ्यात मांडली आहे. समजा चढावर बसचा वेग शून्य, म्हणजे बस पायथ्याशी उभीच राहिली. साठ अधिक शून्य, भागिले दोन, तीस. एकशेवीस किलोमीटरला तीसने भागता चार तास. सारांश, पायथ्याशी उभी असलेली बस चार तासांत डोंगरमाथ्यावर पोहोचते. इंधनाची बचत केवढी, याचा विचार कंपनीने जरूर करावा.

फक्त तुझ्या गाडीबद्दल लिहावे असे तू म्हणतेस. परंतु निष्कर्ष अर्ध्या वाटेत उतरवता येत नाही. दोन तास चाळीस मिनिटांत पोहोचायचे, तर सपाटीचा एक तास वजा जाता शंभर मिनिटे उरतात. त्यांत साठ किलोमीटर चढायचे, म्हणजे ताशी छत्तीस. यावरून उघड आहे की जे नऊ जण वेळेवर पोहोचतात, ते नऊही जण पाटी रोज मोडतात. हे मी चौथ्या परिच्छेदात मांडले आहे. पत्र तीन पानी झाले. ते समितीकडे परस्पर पाठवले असून नक्कल सोबत आहे. टोमणे दोनच आहेत आणि दोन्ही तर्कशुद्ध आहेत.

बाबाला सांग, गुडघ्याची सरासरी काढू नये. दुखणारा एकच असतो.

लोभ सिद्धच आहे, वेगळी सिद्धता मागू नये.
तुझी,
आत्या


ता. १५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी, आणि बाजूला साहेब फायलीवर कोपर टेकून. अध्यक्षांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. उभ्या बसचा दाखला आला तेव्हा साहेब हसले आणि म्हणाले की आपली कुठलीही गाडी पायथ्याला उभी राहत नाही, तेव्हा हे उदाहरण गैरलागू आहे. मग त्यांनी विचारलं की बाईंनी बस कधी चालवली आहे का. मी म्हटलं की त्यांनी सायकलही चालवलेली नाही. ते टिपून घेण्यात आलं.

मग चौथा परिच्छेद आला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं की हे नऊ कोण. आज सकाळी नऊही जणांना नोटिसा गेल्या. माझा निकाल लांबला.

आत्या, मी एक पान मागितलं होतं. आज विश्रांतीच्या खोलीत मी बाकावर बसले आणि बाकीचे एकेक करून उठले. माझ्या गाडीच्या आरशाला कुणीतरी दोऱ्याने खडू बांधून ठेवला होता. सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणतो, ज्याने मला चढावर गिअर कधी बदलायचा ते शिकवलं, तो जाता जाता एवढंच म्हणाला, "तुझ्या आत्याने तुला सोडवायला दोर आणला आणि आम्हाला बांधून गेली." त्याला निवृत्तीला सात महिने राहिले आहेत.

ते नऊ जण मजेखातर पळवत नाहीत. वेळेवर आलं नाही तर माझं जे झालं तेच त्यांचं होणार, म्हणून पळवतात. हे तुझ्या तीन पानांत कुठे आहे? चौथा परिच्छेद मागे घे. एक ओळ लिहून पाठव, बाकी मी बघते.

लोभ आहे, पण आज जरा दमला आहे.
भिंगरी


ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

निष्कर्ष मागे घेता येत नाही. मागे घ्यायचेच तर ज्यांवर तो उभा आहे ती गृहीतके घ्यावी लागतात, आणि ती कंपनीची आहेत. एकशेवीस किलोमीटर मी टाकलेले नाहीत, पाटी मी लावलेली नाही आणि त्या नऊ जणांच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर मी दाबलेला नाही.

ते भीतीने पळवतात, हे तुझे म्हणणे मान्य. भीती हे कारण झाले, खंडन नव्हे. माझ्या वर्गातही एकीने चुकीचे उत्तर लिहिले की उरलेल्या चाळीस जणी तेच उतरवीत आणि मग बहुमत दाखवीत. मी चाळिसांना शून्य देत असे. त्या वर्षी माझ्या टेबलावर फुले आली नाहीत आणि टेबल मोकळे राहिल्याने वह्या तपासायला जागा झाली. नऊ जण उठून गेले असतील, तर बाक रुंद झाला असे समज.

लोभ पूर्ववत, सवलत नाही.
आत्या


ता. २ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. मी सुटले. नऊ जणही सुटले. विश्रांतीच्या खोलीत चहा आला, मामाने स्वतः कप आणून दिला आणि सगळ्यांनी तुझी तब्येत विचारली. आता कसे सुटलो ते ऐक. निकालातलं वाक्य जसंच्या तसं उतरवते: "दोन तास चाळीस मिनिटांत मार्ग पूर्ण करण्यास चढावर ताशी छत्तीस वेग आवश्यक असल्याचे निवृत्त अध्यापिकेच्या पत्रातील परिच्छेद चारवरून सिद्ध होते; सबब पाटीवरील तीस हा आकडा खोडून तेथे छत्तीस रंगवावा."

रंगारी काल येऊन गेला. वेळापत्रक बरोबर, पाटी चूक. दहा मार्चपासून जो उशिरा पोहोचेल त्याचं स्टीअरिंग काढून घेणार, कारण आता उशिराला सबबच उरली नाही.

मी परवा रिकामी गाडी छत्तीसने वर नेऊन पाहिली. अरुंद वळणावर गाडीचं मागचं अंग रेषा ओलांडून समोरच्या बाजूला जातं. मागच्या सीटवरचा पाण्याचा कॅन घरंगळत दरवाजापर्यंत आला. मामाला सांगितलं तेव्हा त्याने हातातला कप धुऊन पालथा घातला. मग म्हणाला की तोही छत्तीसने नेतो आणि वर पोहोचल्यावर पंधरा मिनिटं त्याला विडी पेटवता येत नाही, हात थरथरतात. नऊपैकी दोघांनी कठड्याला घासून घेतलं आहे आणि रंग लावून लपवलं आहे. पाटीवरचा तो तीस कुणी हवेतून काढला नव्हता. रस्ता नवीन झाला तेव्हा जुन्या ड्रायव्हरांनी भरलेली गाडी वर नेऊन तो ठरवला होता.

पन्नास माणसं बसवून मी छत्तीसने जाणार नाही. दहा तारखेला तीसनेच जाईन, वीस मिनिटं उशिरा पोहोचेन आणि अकराला धुलाईच्या शेडमध्ये हजर होईन. रबरी बूट मिळतात म्हणे.

तुझं गणित बरोबर होतं, आत्या. म्हणूनच ते त्यांच्या उपयोगी पडलं. आता कृपा कर आणि कुणाला काही पटवून देऊ नकोस.

लोभ ठेव, पण मला त्याचा पुरावा नको.
भिंगरी


ता. ५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. या वेळी ते बिनशर्त आहेत.

गणितात 'दिले आहे' या दोन शब्दांनंतर जे येते, त्याला का म्हणून कोणी विचारत नाही. अंतर दिले आहे, वेग दिला आहे, पुढे चला. तीस दिला होता. मी तो घेतला. तो तीसच का, हे मी तुला विचारले नाही. त्या आकड्यामागे वळणे आहेत, मामाचे हात आहेत, हे माझ्या तीन पानांत नव्हते, आणि त्या पानांत माणसे नाहीत, हे तू मला पंधरा तारखेलाच सांगत होतीस. मी तुला बाकाच्या रुंदीवर व्याख्यान दिले. माझ्या वर्गात असे उत्तर लिहिणारीला मी बाहेर उभे केले असते.

कुणाला काही पटवून देऊ नकोस असे तू बजावलेस. मी ते अक्षरशः पाळले आहे. साहेबांना चार ओळी लिहिल्या, त्या अशा: "आपल्या पद्धतीसमोर माझा युक्तिवाद टिकला नाही, हे मान्य करते. आपण ज्या तऱ्हेने सरासरी काढता, तशी काढणे मला चौतीस वर्षांत जमले नाही. नव्या वेगाविषयी कोणा शंकेखोराने तोंड उघडू नये म्हणून दहा तारखेपूर्वी एक चाचणी फेरी व्हावी, आणि वेळ आपणच, पुढच्या आसनावर बसून, नोंदवावी. प्रवाशांच्या जागी पन्नास माणसांच्या वजनाची वाळूची पोती ठेवावीत."

यांतले एकही विधान असत्य नाही, तपासून पाहावे. पटवून कोणालाच दिलेले नाही. ज्याला आधीच सगळे पटले आहे, त्याला मी फक्त बसायला बोलावले आहे. पोत्यांचे म्हणशील तर जिवंत माणसांना सिद्धतेत ओढू नये, एवढे या महिन्यात शिकले.

साहेबांचे उत्तर आलेही. त्यांनी नवे स्टॉपवॉच घेतले आहे. नऊ तारखेला, सकाळी आठला, तुझीच गाडी. माझा तीन पानी युक्तिवाद ज्या दारावर आपटला, ते दार चार ओळींच्या खुशामतीने आतून उघडले. तर्कशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा धडा नव्हता आणि आता माझे वय झाले.

लोभ आहे. चुकलेल्या माणसाचा असतो तसा, जरा जास्तच.
आत्या


ता. १० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल चाचणी झाली. साहेब इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर फाईल. मागे कंडक्टर आणि प्रत्येक सीटवर बांधलेली पोती. बरोबर आठला निघालो, नऊला पायथा. साहेबांनी घड्याळ बघून मान डोलावली, जणू सपाटी त्यांनीच करून घेतली होती.

मग मी छत्तीस धरला. आदेश होता, मी पाळला. तिसऱ्या वळणावर पहिलं पोतं सुटलं. सातव्या वळणावर फाईल मांडीवरून उतरून गिअरपाशी आली. नवव्या वळणावर साहेबांनी समोरचा आधाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि स्टॉपवॉच त्यांच्या छातीवर डावी-उजवीकडे आपटू लागलं. खाली दरी त्यांच्याच बाजूला होती. नऊ बेचाळीसला ते म्हणाले, "जरा सावकाश घ्या."

मी विचारलं, सावकाश म्हणजे किती. ते म्हणाले, पूर्वी होतं तेवढं. मी म्हटलं, आदेश छत्तीसचा आहे, तेव्हा फेरीच्या कागदावर तसं लिहून द्यावं लागेल. कंडक्टरने कागद पुढे केला. त्यांनी लिहिलं, अक्षर त्या रस्त्यासारखंच वळणावळणाचं आलं. तिथून वरपर्यंत मी तीसने नेलं. पोहोचलो दहा वाजून एकावन्न मिनिटांनी, म्हणजे वेळापत्रकाच्या अकरा मिनिटं उशिरा.

आता जे सांगते ते बसून वाच. वर पोहोचल्यावर साहेबांनी पाणी घेतलं, शर्ट सारखा केला आणि गणित मांडलं. साठ, छत्तीस आणि तीस, बेरीज एकशे सव्वीस, भागिले तीन, बेचाळीस. एकशेवीसला बेचाळीसने भागलं तर दोन तास एकावन्न मिनिटं आणि काही सेकंद. घड्याळात बघतात तर तेच. दहा सेकंदांचा फरक. आत्या, ते अक्षरशः उजळले. म्हणाले की पद्धत खोटी असती तर असं उत्तर आलं असतं का, आणि हे तुला आवर्जून कळवायला सांगितलं.

आज आदेश निघाला. पाटीवर पुन्हा तीस. वेळ हिशेबाने दोन तास चाळीस, अधिक वीस मिनिटं डोंगर-सवलत, ड्रायव्हरांविषयीच्या सहानुभूतीपोटी. एकूण तीन तास. फलकावर अंतर एकशेवीस, सरासरी पंचेचाळीस, आणि खाली सवलत. मामा म्हणाला की वीस मिनिटं माणुसकीची मिळोत की गणिताची, हात थरथरत नाहीत ते खरं.

फक्त एक अडचण आहे. सवलत सध्या महिन्यापुरती आहे. ती कायम करायची तर चौकशीची फाईल बंद व्हायला हवी, आणि ती बंद व्हायला आक्षेप घेणाऱ्याची सही लागते. फॉर्म सोबत पाठवला आहे. मला ठाऊक आहे की तुझे हात शिवशिवत असतील. दहा सेकंदांबद्दल लिहू नकोस. पंचेचाळीसबद्दल लिहू नकोस. ज्या दिवशी साहेबांना कळेल की ती सवलत नसून चुकीची भरपाई आहे, त्या दिवशी ते चूक ठेवतील आणि सवलत काढतील. मग दहा जण पुन्हा त्याच चढावर, तीसची पाटी आणि दोन तास चाळीस.

मी मागत नाही. फॉर्म तुझ्या नावाचा आहे, तू ठरव.

लोभ राहू दे, निर्णय काहीही झाला तरी.
भिंगरी


ता. १४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दहा सेकंदांचा उलगडा पहिल्याच संध्याकाळी झाला. साहेब दोन मिनिटे आधी घाबरते, तर त्यांचे उत्तर घड्याळाशी जुळले नसते. माणसाची भीती बरोबर नऊ बेचाळीसला जागी व्हावी आणि चुकीच्या पद्धतीला त्यामुळे बरोबर उत्तर मिळावे, हा योगायोग मी दीड पानात सिद्ध केला आहे. ते पान माझ्याजवळच आहे.

पुढचे तीन दिवस फॉर्ममध्ये गेले. मला वाटले, जसे साहेबांना पत्र लिहिले तसे एखादे वाक्य सापडेल, जे त्यांना गोड लागेल आणि मला खरे. सोळा वाक्ये केली, त्यांतली पाच निर्दोष होती. पण फॉर्मवर वाक्याला जागाच नाही. एकच छापील प्रश्न आहे: 'वेळापत्रक विभागाची सरासरी काढण्याची पद्धत बरोबर असल्याचे आपणास मान्य आहे काय?' आणि पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. ज्याने हा फॉर्म केला, तो माझ्यापेक्षा चांगला तर्कशास्त्री असावा.

मी 'होय'वर खूण केली. चौतीस वर्षे ज्या उत्तराला शून्य दिले, त्याला आज पैकीच्या पैकी दिले. वर सही केली, हुद्दा लिहिला, आणि हुद्द्यातल्या 'निवृत्त' या शब्दाखाली एक रेघ जास्त ओढली. मामाला सांग, उरलेले सहा महिने सावकाश चालव. तू त्याहून जास्त.

फॉर्म या पाकिटातच आहे. आजच नेऊन दे, उद्यावर टाकू नकोस. रात्रीतून माझे मत बदलणार नाही. ते बदललेलेच नाही.

लोभ असावा, आणि शक्य तर थोडा वेळ माझ्या घरी येऊन असावा.
तुझी,
आत्या